स्ट्रिंग थिअरी करायची म्हणता? आधी 26 चं गणित करून बघा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मला एक तरी मेसेज येतोच. कुणाच्या तरी आत्याने किंवा क्लासच्या सरांनी नंबर दिलेला असतो, आणि मेसेज साधारण एकच, "दादा मला स्ट्रिंग थिअरी करायची आहे, काय करू". (स्ट्रिंग थिअरी म्हणजे सगळे कण मुळात बारीक थरथरणाऱ्या तारा आहेत असं मानणारं फिजिक्स.) या वर्षी मिरजेच्या एका मुलीचा आला. तिला उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून टाकू, दरवर्षी तेच तेच टाइप करायचा कंटाळा येतो.

आधी माझी लायकी सांगतो. मी कराडचा, साध्या कॉलेजातून बीएस्सी, मग एमएस्सी, मग पीएचडी, आता युरोपात दुसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती नोकरी) चालू आहे, वय 33 आणि पर्मनंट नोकरी अजून नाही. म्हणजे सल्ला देणारा स्वतःच अजून अर्ध्या घाटात आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, स्ट्रिंग थिअरीला अ‍ॅडमिशन नसते. त्या नावाची डिग्री नाही, एंट्रन्स नाही, काही नाही. तुम्ही फिजिक्स शिकता, मग क्वांटम फील्ड थिअरी (कणांचं क्वांटम फिजिक्स) आणि जनरल रिलेटिव्हिटी (आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची थिअरी) शिकता, मग पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास कधीतरी लक्षात येतं की अरे आपण जे करतोय त्याला लोक स्ट्रिंग थिअरी म्हणतात. त्यामुळे बारावीत "मी स्ट्रिंग थिअरिस्ट होणार" असं ठरवण्यात अर्थ नाही. ठरवायचं ते फक्त पुढचं एक दार. आणि प्रत्येक दारापाशी परत फिरायची वाट कुठे आहे ते बघून ठेवायचं, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

पण दाराकडे जायच्या आधी एक टेस्ट. यूट्यूबवर तुम्ही ऐकलं असेल की स्ट्रिंग थिअरीत 26 डायमेन्शन्स लागतात, किंवा 10 लागतात. तिथे ग्राफिक्स फिरतं, म्युझिक वाजतं आणि 26 च का हे कुणी सांगत नाही. तर ते गणित एवढंसं आहे. एक तार घ्या, दोन्ही टोकं मोकळी. ती 1, 2, 3, 4 अशा पटीच्या सुरांत थरथरू शकते. क्वांटमचा नियम असा की प्रत्येक सूर अगदी शांत असला तरी त्याच्या एका पायरीच्या अर्धी एनर्जी शिल्लक राहतेच. मग सगळ्या सुरांची शिल्लक मिळून अर्धा गुणिले 1 अधिक 2 अधिक 3 अधिक 4 असं अनंतापर्यंत. ही बेरीज उघडच अनंत येते, पण त्यातला अनंत भाग नीट वेगळा काढला की मागे उरतं वजा एक बारांश. (रामानुजनने 1913 मध्ये केंब्रिजचा गणितज्ञ हार्डीला पाठवलेल्या पत्रात हेच होतं, आणि हा माणूस वेडा आहे की काय असं वाटू शकेल हेही त्याने तिथेच लिहून ठेवलं होतं.) म्हणजे थरथरायच्या प्रत्येक दिशेला वजा एक चोविसांश. एकूण डायमेन्शन्स डी असतील तर थरथरायला मोकळ्या दिशा डी वजा 2, कारण एक काळाची आणि एक तारेच्या स्वतःच्या लांबीची गेली. आता तारेला एक पायरी वर चढवा, म्हणजे अधिक 1. या पायरीवर बरोबर डी वजा 2 अवस्था मिळतात. पण वजन असलेल्या अशा कणाला डी वजा 1 अवस्था लागतात, एक कमी पडते. म्हणजे त्या कणाला वजन असूच शकत नाही, तो फोटॉनसारखाच हवा. पायरी आणि शिल्लक यांची बेरीज म्हणजेच कणाच्या वजनाचा वर्ग, म्हणून 1 वजा (डी वजा 2) भागिले 24 बरोबर शून्य. सोडवा, डी बरोबर 26.

हे वाचून "भारीच आहे राव" असं वाटलं असेल तर छान, लेख आणि व्हिडिओ बघत रहा, त्यात काही कमीपणा नाही. पण "थांबा, तो वजा एक बारांश असा कसा उरतो, मला स्वतःला बघू दे" असं होऊन हात कागदाकडे गेला असेल तर तुमच्यासाठी पुढचं लिहितोय. कारण या करिअरमध्ये 26 चं कौतुक करायचे पैसे मिळत नाहीत, चिन्ह कुठे चुकलं ते शोधायचे मिळतात. आणि सर्वांत खालची पायरी बघा, तिथे वजा 1 राहतो, म्हणजे वजनाचा वर्गच निगेटिव्ह, अशा कणाला टॅकिऑन म्हणतात, म्हणजे ही थिअरी आजारी आहे. तो आजार बरा करायला सुपरसिमेट्री (पदार्थाचे कण आणि बलाचे कण यांची जोडी लावणारी सिमेट्री) आणली की 26 चे 10 होतात. ते दुसरं गणित, ते एमएस्सीत करा.

आता दारं. बारावीनंतर सरळ रस्ता म्हणजे पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स. आयसर ही सरकारी विज्ञान संस्था पुण्याला पाषाणात, तिची एंट्रन्स परीक्षा आयएटी. मुंबईत कलिना कॅम्पसवर सीईबीएस आहे आणि भुवनेश्वरला नायसर, अशाच संस्था, या दोन्हींना नेस्ट ही एंट्रन्स. आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आहे, तिथून पुढे थिअरीत गेलेले बरेच आहेत, शिवाय घरचे पण खूश, शेवटी "आयआयटी" आहे ना. हे काहीच जमलं नाही तर साधी बीएस्सी करा आणि तिसऱ्या वर्षाला जॅम ही एंट्रन्स देऊन आयआयटीत एमएस्सीला जा. मी हेच केलं. माझ्या कॉलेजात (नाव कशाला) क्वांटम शिकवणारे सर वही बघून डिक्टेट करायचे, स्वल्पविरामासकट, आणि आम्ही तीन वर्षं जर्नलमध्ये सुबक आकृत्या काढत बसलो. पण त्याचा फायदा असा की संध्याकाळी वेळच वेळ होता आणि बाकीचं मी आयआयटी मद्रासच्या बालकृष्णन सरांची लेक्चर्स बघून शिकलो, ती एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चरांच्या साइटवर फुकट आहेत. फक्त एक, वही-पेन न घेता लेक्चर बघणं म्हणजे सिरियल बघणं. एक तासाच्या लेक्चरला तीन तास कागद काळा झाला पाहिजे.

काय शिकायचं याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि इथेच बहुतेक पोरं माती खातात, कारण सगळ्यांना थेट स्ट्रिंगचं पुस्तक उघडायचं असतं. आधी क्लासिकल मेकॅनिक्स, लग्रांजियन आणि हॅमिल्टोनियन असं की झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. मग इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. गणितात लिनिअर अल्जेब्रा, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस आणि ग्रुप थिअरी, बाकीची भारी भारी भूमिती लागेल तेव्हा शिकता येते. मग स्पेशल आणि जनरल रिलेटिव्हिटी, मग क्वांटम फील्ड थिअरी. या शेवटच्या विषयाला एक वर्ष द्या, एक सेमिस्टर नाही. तो कच्चा राहिला तर पुढे सगळं पाठांतर होतं, मी वर्गमित्रांचं झालेलं बघितलंय, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी माझंही झालं होतं. त्यानंतर केंब्रिजच्या डेव्हिड टाँगच्या स्ट्रिंग थिअरीवरच्या फुकट नोट्स, त्या इतक्या सोप्या भाषेत आहेत की गैरसमज होतो आपल्याला सगळं कळलं. झ्विबाखचं पुस्तक तर पदवीच्या पोरांसाठीच लिहिलेलं आहे, वरचं 26 चं गणित तिथे सावकाश करून मिळेल. पोल्चिन्स्कीचे दोन खंड पीएचडीला, त्याआधी उघडून घाबरू नका.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाया घालवू नका एवढंच या टप्प्यावर आणखी सांगतो. टीआयएफआर या मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी, सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप, मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा नियस, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, असे विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम असतात. त्यात रिसर्च वगैरे फार होत नाही, पण दोन महिने थिअरिस्ट लोक दिवसभर नक्की करतात काय हे दिसतं. अनेकांचं भूत तिथेच उतरतं, आणि विसाव्या वर्षी उतरलेलं बरं.

मग पीएचडी. भारतात करायची असेल तर टीआयएफआरची जीएस परीक्षा, जेस्ट ही एंट्रन्स, सोबत नेट-जेआरएफ ही सरकारी फेलोशिपची परीक्षा. स्ट्रिंगसाठी टीआयएफआर मुंबई, बंगळूरचं आयसीटीएस आणि आयआयएससी, प्रयागराजचं एचआरआय, चेन्नईचं आयएमएससी आणि सीएमआय, आयसर पुणे, आयआयटी कानपूर, ही नावं जगात कुठेही सांगितली तरी लोक मान डोलावतात. हे मी देशप्रेमाने म्हणत नाहीये. फिजिक्सच्या फार थोड्या शाखांत भारत आघाडीवर आहे आणि ही त्यातली एक. 1994 मध्ये अशोक सेन यांनी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये बसून एक पेपर लिहिला, त्यात एस-ड्युअ‍ॅलिटी (जोरदार बलाची थिअरी हे दुर्बल बलाच्या थिअरीचंच रूप असणं) खरी असेल तर मोनोपोलच्या (एकच चुंबकीय ध्रुव असलेल्या कणांच्या) जोड्यांची एक विशिष्ट बद्ध अवस्था असलीच पाहिजे असं होतं आणि ती त्यांनी काढून दाखवली. तोपर्यंत जे लोक ड्युअ‍ॅलिटीकडे गंमत म्हणून बघत होते ते सगळे कामाला लागले, आणि 1995 मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड विटनने पाचही सुपरस्ट्रिंग थिअरी एकाच थिअरीची रूपं आहेत असं मांडलं. 2012 मध्ये सेन यांना 30 लाख डॉलरचं फंडामेंटल फिजिक्स प्राइझ मिळालं तेव्हा ते अलाहाबादला होते. आणि आपल्याकडचं नाव हवं असेल तर अतीश दाभोळकर, कोल्हापूरकडचे, आयआयटी कानपूर, प्रिन्स्टनला पीएचडी, टीआयएफआरला बरीच वर्षं, 2019 पासून इटलीत त्रिएस्तला आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय फिजिक्स संस्थेचे डायरेक्टर. ब्लॅक होलच्या आतल्या अवस्था मोजताना त्यांना, समीर मूर्तींना आणि झागियर या गणितज्ञांना रामानुजनच्या 1920 च्या शेवटच्या पत्रातली मॉक थीटा नावाची गणिती फंक्शन्स लागली. म्हणजे परत तोच माणूस.

परदेशात करायची तर अमेरिकेत एमएस्सी न करताही जाता येतं, पाच-सहा वर्षं लागतात, पण फी माफ आणि स्टायपेंड मिळतो तिथेच जा. कर्ज काढून एमएस करायचं हे गणित कॉम्प्युटरवाल्यांचं आहे, आपलं नाही, इथे ते कर्ज फिटत नाही. युरोपात मास्टर्स लागते आणि पीएचडी तीन-चार वर्षांत उरकते.

गाइड कसा निवडायचा. नावावर जाऊ नका. त्यांचे मागचे पाच विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघा, किती वर्षांत सुटले ते बघा, आणि कॅन्टीनमध्ये चौथ्या वर्षाच्या माणसाला चहा पाजून विचारा, खरं तिथेच कळतं. एक फार मोठं नाव असलेले सर होते, कुठले ते राहू दे, माझ्या मित्राला त्यांची भेट महिन्यातून एकदा मिळायची तीही लिफ्टपाशी. तो शेवटी गाइड बदलून बाहेर पडला, दीड वर्ष गेलं. आणि ईमेल लिहिताना "रिस्पेक्टेड सर, लहानपणापासून मला विश्वाच्या रहस्यांची ओढ" असं लिहू नका हो. त्यांचा एखादा पेपर घ्या, त्यातलं एक समीकरण स्वतः करून बघा, जिथे अडलात ते दोन ओळींत विचारा. दहातल्या सात जणांचं उत्तर येणार नाही, तीन जणांचं येईल आणि ते तीन पुरतात. स्वतःची विश्वाची नवी थिअरी जोडून पाठवलीत तर मात्र एकाचंही येणार नाही.

रोजचं आयुष्य कसं असतं? सकाळी आर्काइव्ह ही वेबसाइट. आमच्या विषयातले जवळपास सगळे पेपर छापून यायच्या आधी तिथे येतात, पॉल गिन्सपार्गने 1991 मध्ये सुरू केलं ते याच आमच्या हेप-टीएच (हाय एनर्जी थिअरी) लोकांसाठी. नवी यादी उन्हाळ्यात भारतात पहाटे 5:30 ला लागते, मी इथे असल्यामुळे रात्री 2 ला, आणि हो, आपण ज्यावर आठ महिने काम करतोय तेच कुणीतरी टाकलं तर नाही ना या भीतीने मी दोन-तीनदा जागलोय. एकदा खरंच टाकलं होतं. त्याला आमच्यात "स्कूप झालो" म्हणतात, त्या दिवशी काम होत नाही, दुसऱ्या दिवशी बसून आपल्या पेपरात त्यांच्यापेक्षा वेगळं काय आहे ते शोधायचं आणि आठवड्याभरात आपलाही टाकायचा. बाकी दिवस फळा, कागद, मॅथेमॅटिका (गणिताचं सॉफ्टवेअर), चार वाजताचं सेमिनार, आणि त्यात मागच्या बाकावरून कुणीतरी "हे ट्रिव्हियल आहे ना?" म्हणणार. पेपरवर नावं आडनावाच्या अक्षरानुसार लागतात, पहिलं नाव म्हणजे जास्त काम असं आमच्यात नसतं, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. माझं आडनाव इंग्रजीत व्ही वरून, आई अजून विचारते तू नेहमी शेवटी कसा काय.

शिवाय आज स्ट्रिंग थिअरिस्ट म्हणवणारे बरेच लोक तारांना हात पण लावत नाहीत. 1997 मध्ये मालदासेना या थिअरिस्टने ग्रॅव्हिटी आणि क्वांटम फील्ड थिअरी यांच्यात जी डिक्शनरी दिली तिच्यावर अर्धी जनता जगते, कुणी ब्लॅक होलच्या इन्फर्मेशनचं कोडं करतं, कुणी स्कॅटरिंग अ‍ॅम्प्लिट्यूड, कुणी बूटस्ट्रॅप. विषय निवडताना चालू फॅशन बघा पण तिच्या शेपटाला लटकू नका, तुमची पीएचडी संपेपर्यंत ती गेलेली असते.

आणि लोक विचारणारच, की याचा पुरावा काय. नाही. प्रयोगातून थेट पुरावा आजपर्यंत एकही नाही. जिनिव्हाजवळचं एलएचसी, म्हणजे कण आदळवायचं यंत्र, 13.6 टीईव्ही (एनर्जीचं एकक) पर्यंत जातं, स्ट्रिंगची एनर्जी नेहमीच्या अंदाजाने त्याच्या एकावर पंधरा शून्य पट वर आहे, आणि जी सुपरसिमेट्री एलएचसीत दिसेल अशी आशा होती तीही दिसली नाही. हे झाकून बोलू नका, मुलाखतीत तर नाहीच. माझं उत्तर असं की क्वांटम आणि ग्रॅव्हिटी एकत्र आणून ज्यात ब्लॅक होलची एन्ट्रॉपी अवस्था मोजून काढता येते (स्ट्रॉमिंजर आणि वाफा, 1996) असं दुसरं काही इतकं नीट मला माहीत नाही, आणि ही हत्यारं इतर फिजिक्समध्येही चालतात. कुणाला पटतं, कुणाला नाही. तुम्हालाच पटत नसेल तर कंडेन्स्ड मॅटर थिअरी (घन-द्रव पदार्थांचं फिजिक्स) सुंदर विषय आहे, खरंच.

आता पैसे आणि वय, कारण घरचे हेच विचारणार. जेआरएफला महिना 37,000 आणि दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं, होस्टेलला राहून भागतं. वय बघा, 23 ला एमएस्सी, 28-29 ला पीएचडी, मग पोस्टडॉक. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांची करारावरची नोकरी, आणि अशा दोन, कधी तीन कराव्या लागतात, बहुतेक वेळा वेगवेगळ्या देशांत. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबर. तीन शिफारसपत्रं, रिसर्च स्टेटमेंट, पेपरांची यादी. पहिल्या वेळी मी 70 च्या वर अर्ज टाकले, दोन ठिकाणाहून होकार आला आणि त्यातला एक जानेवारी संपत आल्यावर. त्या दोन महिन्यांत दर तासाला इनबॉक्स उघडायची सवय लागते, रूमर मिल नावाच्या वेबसाइटवर कुणाला काय मिळालं ते बघत बसता, आणि दिवाळीचा फराळ घरून आला तरी डबा उघडत नाही. शिफारसपत्रांसाठी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापासूनच गाइडशिवाय दुसऱ्या दोन लोकांबरोबर पेपर लिहा, नाहीतर ऐनवेळी पत्र कोण देणार. त्रिएस्तच्या स्प्रिंग स्कूलला जा, इंडियन स्ट्रिंग्ज मीटिंगला जा, पोस्टर लावा, जेवणाच्या रांगेत बोला. लाजत कोपऱ्यात उभं राहणं हा आपला मराठी गुण तिथे महागात पडतो.

मग परत यायचं असेल तर रामानुजन फेलोशिप, इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी फेलोशिप, किंवा थेट आयसर-आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर, सातव्या वेतन आयोगाने मूळ पगार 1,01,500 पासून. पगार उत्तमच आहे, फक्त जागा कमी आणि एका जागेला अर्ज सगळ्या जगातून, आणि तुमची गाठ कुठे पडायची तर आपल्याच सीनियरशी. लग्नाचं काय, तर बायोडेटात "पोस्टडॉक" लिहिलं की समोरचे विचारतात म्हणजे शिक्षण अजून चालूच आहे का. जोडीदारही संशोधनात असेल तर दोघांना एका शहरात नोकरी मिळणं हा वेगळाच प्रॉब्लेम, त्यावर कुठल्याच डायमेन्शनमध्ये उत्तर नाही.

म्हणून परतीची वाट. पीएचडीत रोज थोडं पायथॉन लिहा, एखादं न्यूमेरिकल काम असलेला पेपर करा. माझ्या बॅचमधले दोघं आता क्वांट (फायनान्स कंपन्यांत गणित करणारे) आहेत, एक बंगळूरला डेटा सायन्समध्ये, एक सोलापूरला स्वतःचा क्लास चालवतो आणि आमच्यात सगळ्यात शांत झोपतो. स्वतःला तारीख द्या. मी दिली आहे, 35 पूर्ण होईपर्यंत, त्यानंतर नाही. तारीख ठरवल्यापासून काम उलट बरं व्हायला लागलं, का ते विचारू नका.

मिरजेच्या त्या मुलीला मी हे सगळं पाठवायच्या आधी नुसतं 26 चं गणित पाठवलं होतं, करून बघ म्हटलं. काल रात्री तिने वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले. वजा एक बारांश तिने आमच्या पद्धतीने न काढता स्वतःच काहीतरी करून काढलाय आणि तो बरोबर आहे. पण शेवटी उत्तर आलंय डी बरोबर वजा 22. कुठेतरी चिन्ह चुकलंय, मला दिसलं पण सांगितलं नाही. आत्ता बघितलं तर दोन निळ्या टिक्स आहेत आणि "टायपिंग" येतंय.